धूर, चामडं आणि ऊद: असलं परफ्यूम आपल्याकडं अंगावर कसं घ्यायचं?

मोंढ्यातला

नमस्कार. मी अंबाजोगाईचा. मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर नाकात क्लोरोपायरीफॉस आणि गंधकाची पावडर, म्हणून संध्याकाळी शटर ओढल्यावर काहीतरी बरं हुंगावं या हिशेबानं वासांचा नाद लागला. आजवर माझी गाडी खस, मोगरा आणि दुबईहून येणाऱ्या गोड बाटल्या एवढ्यावरच चालत होती.

दिवाळीला मेव्हणा पुण्याहून आला, त्यानं 5 मिलीची छोटी बाटली हातात ठेवली. म्हणाला, "दाजी, हे झेपतंय का बघा." परफ्यूमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळे नेटवरची घटकांची यादी उचलून इथं चिकटवतात. मला यादी नको, तुमचं नाक काय म्हणतं ते पाहिजे. एवढंच सांगतो की कंपनी युरोपातली, छोटी आहे आणि मोठ्या बाटलीच्या किमतीत माझ्याकडं सोयाबीन बियाण्याच्या चार बॅगा येतात.

आता वास. मारल्या मारल्या डांबर. रस्त्यावर ओततात ते नाही. लाकडाचं, धुरकट, जरासं औषधी. नाक दचकतं. मग धूर मागं सरकतो आणि चामडं पुढं येतं: कोरडं, कडू, काळं. बायकांच्या पर्सचं मऊ चामडं नव्हे, हवालदाराच्या कमरपट्ट्याचं. तासाभरानं मधूनच काहीतरी थंड, लिंबाच्या सालीकडं झुकणारं वर येतं आणि त्याच्या पाठोपाठ ऊद. योगेश्वरीच्या देवळात आरती झाल्यावर हवेत उरतो तो. झोपायच्या वेळेला मनगटावर गोडसर डिंक राहिला होता. शर्टाच्या कॉलरला मात्र दुसऱ्या दिवशीही धूर होताच.

घरची मतं: आई म्हणायली, "कुणाची गंजी पेटली का रे?" बायको उठून स्वयंपाकघरात गेली, गॅसवर काही राहिलंय का बघून आली. धाकटं पोरगं पुन्हा पुन्हा जवळ येऊन मनगट हुंगायलं. आणि मला ते आवडलंय. का आवडलंय ते कळंना, म्हणून विचारायलोय.

पहिली गोष्ट, यात चामडं खरंच असतं का? आई माळकरी आहे. कातड्याचं काही अंगाला लावून देवघरात यायचं नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलंय, आणि तिला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नाही. दुसरं, धूर, चामडं आणि ऊद हे तिघं एका बाटलीत भांडत का नाहीत? तिसरं, आपल्याकडच्या मे महिन्यात हे अंगावर घेतलं तर माणूस टिकेल का? आणि याच्या जवळपास जाणारं स्वस्तात काही मिळत असेल तर तेही सांगा.

उगीच_एक

दाजी, मेव्हण्यानं मानपानातला कुठला तरी जुना हिशेब चुकता केलाय. लग्नात त्याचा फेटा राहिला होता का?

चेष्टा सोडा. किती फवारे मारले, कुठं मारले, आणि दुकानात मारले की घरी? त्यावर निम्मं उत्तर आहे.

मोंढ्यातला

फेटा दिला होता, तोही पैठणी काठाचा.

गळ्यावर दोन, मनगटावर एक, शर्टावर एक. घरी मारलं आणि मग दुकानात गेलो. गिऱ्हाईक काउंटरपासून जरा लांब उभं राहिलं, एवढं खरं.

सालई

दादा, मी संभाजीनगरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि पगारातला नको तेवढा भाग सॅम्पल मागवण्यात घालवते. चार फवारे म्हणजे गिऱ्हाईक लांब उभं राहिलं यात नवल नाही. असल्या परफ्यूमचा एक फवारा गोड परफ्यूमच्या पाचांना भारी असतो.

आधी आईंचं. बाटलीत कातडं नसतं. चामड्याच्या वासाचं परफ्यूम हे सगळं बाहेरून रचलेलं असतं. त्यातला मुख्य गडी म्हणजे बर्चचं डांबर. ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या त्या हिमालयातल्या भूर्जाचा हा युरोपातला भाऊ. त्याची साल हवा लागू न देता तापवली की काळं, दाट डांबर गळतं. जोडीला लॅब्डॅनम नावाच्या भूमध्यसागरी झुडपाचा चिकट डिंक, स्टायरॅक्सचा डिंक, आणि प्रयोगशाळेतलं आयसोब्यूटिल क्विनोलिन. तुम्ही ज्याला कडू आणि काळं म्हणता ते बहुतेक या शेवटच्याचं काम. प्राण्यापासून येणारा एक ठळक पदार्थ जुन्या काळी यात असायचा, तो म्हणजे बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतला कॅस्टोरियम. आता त्याच्या जागी जवळपास सगळीकडं कृत्रिम मिश्रण वापरतात. तरी आईंना पक्कं उत्तर द्यायचं असेल तर कंपनीला ईमेल करून तेवढंच विचारा. छोट्या कंपन्या उत्तर देतात.

मग झाडाच्या डांबराला चामड्याचा वास का म्हणतात? कारण रशियात कातडं झाडांच्या सालींनी कमावून झालं की त्याला बर्च डांबराचं तेल चोळायचे. पाणी आत शिरत नसे, कीड लागत नसे. ते चामडं युरोपभर विकलं जायचं आणि लोकांच्या नाकात डांबराचा वास चामड्याचा वास म्हणून बसला. 1786 मध्ये 'मेटा कॅथरिना' नावाचं जहाज सेंट पीटर्सबर्गहून असलीच कातडी घेऊन जेनोवाला निघालं होतं. ते इंग्लंडच्या प्लिमथ बंदरात बुडालं. 1973 मध्ये पाणबुड्यांना सापडलं, आणि जवळजवळ दोनशे वर्षं चिखलात राहिलेल्या त्या कातड्यांच्या लोकांनी पिशव्या आणि पाकिटं शिवून घेतली. तेवढी ती टिकली होती.

परफ्यूमवाल्यांनी तो वास उचलला. कॅरॉनचं 'टॅबॅक ब्लाँ' 1919चं, शनेलचं 'क्युर द रुसी' 1920च्या दशकातलं. 1944 मध्ये जर्मेन सेलिए या बाईंनी रोबेर पिगेसाठी 'बँडिट' केलं, त्यात क्विनोलिन असं सढळ हातानं घातलं की आजही ते वापरणाऱ्याची परीक्षा बघतं. माझ्याकडं त्याचं सॅम्पल आहे. मी ते फक्त पेपर तपासायच्या दिवसांत लावते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येते, कारण त्यात खरी गंमत आहे. तुमच्या बाटलीतला ऊद म्हणजे ज्या डिंकाला इंग्रजीत फ्रँकिन्सेन्स म्हणतात तो, ओमान, येमेन, सोमालियाकडच्या बॉस्वेलिया झाडांचा. आपल्याकडं त्याच कुळातली सालई आहे, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उन्हाळ्यात निष्पर्ण उभी दिसते, माझं इथलं नाव तिच्यावरूनच घेतलंय. या डिंकाचं वाफेवर काढलेलं तेल तुम्ही कधी हुंगलंत तर चकित व्हाल. त्यात धूर नावालाही नसतो. पाइनीन, लिमोनीन असली हलकी द्रव्यं असतात. वास थंड, मिरीचा, लिंबाच्या सालीचा. तुम्हाला तासाभरानं जे थंडसं काही आलं ते हेच. देवळातला म्हणून जो वास आपण ओळखतो त्याच्यासाठी डिंक निखाऱ्यावर जळावा लागतो. जुन्या चर्चसारखा जो खास वास या डिंकाला आहे, त्याच्यामागची आम्लं तर फ्रान्समधल्या संशोधकांनी 2016 मध्ये कुठं नेमकी ओळखली. प्रमाण अगदी किरकोळ, पण नाक ती सोडत नाही.

म्हणजे परफ्यूम करणाऱ्याला ऊद पेटलेला दाखवायचा असेल तर धूर बाहेरून आणावा लागतो. आणि तो कुठून आणतो? त्याच बर्चच्या डांबरातून. लाकूड जळताना ग्वायकॉल आणि त्याची भावंडं तयार होतात. डांबरात ती असतात, आणि चुलीच्या धुरातही तीच असतात. एकच डांबर चामडंही उभं करतं आणि उदालाही पेटवतं. म्हणून तिघं भांडत नाहीत. तिघं म्हणून जे वाटतं ते दोनच आहेत, आणि त्यांच्यात तिसरा सामाईक आहे.

तुम्ही म्हणाल, हलका लिंबाचा वास आधी यायला पाहिजे, तो मागून कसा? तो येतो आधीच, पण डांबरातली द्रव्यं नाकाला इतक्या थोड्या प्रमाणात जाणवतात की बाकी काही ऐकूच येत नाही. थोड्या वेळानं नाक धुराला सरावतं, मग उरलेल्यांना तोंड फुटतं. धूर गेलेला नसतो, तुमचं नाक त्याची दखल घेणं सोडतं. दुसऱ्या दिवशी ताज्या नाकानं कॉलर हुंगली की तो तिथंच सापडतो.

एक काळजीचं सांगते. कच्चं बर्च डांबर परफ्यूममध्ये वापरायला इफ्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत बंदी आहे, कारण त्यात कर्करोगाशी संबंधित बहुवलयी हायड्रोकार्बन असतात. शुद्ध केलेलं चालतं, तेही मर्यादेत. म्हणून कुणी घरी डांबर काढून अत्तर करायला निघालं असेल तर तो उद्योग करू नये.

हलगी

ताई, रसायन तुमचं खरं असंल. मी तुळजापूरकडचा, आमच्या घरात हलगी पिढ्यान्‌पिढ्या. चामड्याबद्दल दोन शब्द मलाही बोलू द्या.

खऱ्या कातड्याचा वास असा नसतोच. आमच्याकडं कातडं तरवडाच्या, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचे. त्याचा वास तुरट, आंबूस, ओलसर. वर करंजाचं तेल. माझ्या आज्यानं विहिरीच्या मोटा शिवल्यात. मोट वाळू द्यायची नाही, वाळली की चिरते, म्हणून तिला तेल पाजत राहायचं. तो वास मी लहानपणी अडगळीच्या खोलीत घेतलाय. त्यात डांबर कुठंच नव्हतं. तुम्ही सांगताय तो रशियातल्या चामड्याचा वास, आणि जगानं तोच चामड्याचा म्हणून धरला. आमच्या तरवडाला कुणी बाटलीत घातलं नाही.

पण दाजींनी जे सांगितलं, धूर आणि चामडं एका वेळी, ते मात्र मी ओळखतो. हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. कागद, पाचट, कडब्याची चिपाडं पेटवायची आणि हलगीचं तोंड जाळावर फिरवत राहायचं, म्हणजे कातडं ताणतं आणि आवाज खणखणीत निघतो. पावसाळ्यात तर दर थोड्या वेळानं शेकायची. त्या वेळी जो वास सुटतो त्यात गरम कातडं आहे, धूर आहे, आणि जत्रा असली तर शेजारी उदाचं धुपाटणं आहेच. आता फायबरची हलगी आली, तिला शेकायचं काम नाही. आवाज बरा आहे, वास कसलाच नाही.

आणखी एक बोलून टाकतो. कातड्याच्या वासापायी गावानं आमच्या लोकांची घरं वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवली. वस्तीवरून जाताना बाया नाकाला पदर लावायच्या. आता त्याच नावाचा वास बियाण्याच्या चार बॅगांच्या भावात विकला जातोय आणि लोक मनगट पुढं करून हुंगायलेत. मला राग नाही, पण हसू येतंय.

मोंढ्यातला

हलगीदादा, हे वाचून थांबलो जरा. उत्तर देण्यासारखं माझ्याकडं काही नाही. पण का आवडलं ते मला तुमच्यामुळं सापडलं. लहानपणी वरातीत मी नवरदेवापेक्षा हलगीवाल्यांच्या जाळापाशी जास्त असायचो. कागद आणून द्यायचं काम माझं.

लातूरची

मी बँकेत आहे, काउंटरवर. ले लॅबोचं 'पचुली 24' वापरते. नाव पचुली या सुगंधी पानांचं, पण पचुली शोधूनही सापडत नाही. 2006 मध्ये आनिक मेनार्दो यांनी केलंय, बर्चचा धूर आणि खाली व्हॅनिला. मैत्रिणीनं अर्धी बाटली दिली, विकत घ्यायची माझी ऐपत नाही.

अनुभव सांगते. बायकांनी असलं लावलं की लोकांना प्रश्न पडतो. एका आजोबांनी पासबुक घेताना विचारलं, "बाई, घरी अजून चूल का?" मी हो म्हटलं. साहेबांना आवडतं, कुठलं आहे ते विचारायचा धीर होत नाही त्यांना. मी मानेवर लावत नाही. ओढणीच्या आतल्या टोकाला एक फवारा, तोही घरातून निघायच्या बऱ्याच आधी. मग बँकेत पोचेपर्यंत डांबर उतरलेलं असतं. रेशमी साडीवर मारू नका, डाग राहतो.

ऊदच पाहिजे असेल आणि चामडं नको असेल तर कॉम दे गार्सोंचं 'अविन्याँ' बघा, 2002चं, बर्त्राँ दुशोफूर यांचं. तो ऊद थंडगार दगडी देवळातला आहे. फार सुंदर आहे आणि मला तासाभरात कंटाळा येतो. चामडं आणि धूर जास्त पाहिजे तर टाउअरचं 'लोनस्टार मेमरीज'. त्याच्यापुढं तुमच्या आईंची गंजी काहीच नाही.

शहागंज

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. आमचं अत्तराचं जुनं दुकान आहे, नाव सांगून जाहिरात करत नाही. ताईंनी परदेशाचं सांगितलं, मी आपल्या देशातलं सांगतो.

धूर बाटलीत भरायची कला इथंही आहे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला, अत्तराच्या गावी, त्याला चोया म्हणतात. मातीच्या मडक्यात लोबान किंवा राळ भरायची, पाणी न घालता खालून-वरून जाळ द्यायचा, आणि करपून जो तेलकट अर्क गळतो तो धरायचा. चोया लोबान, चोया राळ. समुद्रातल्या शिंपल्यांचं करतात ते चोया नख. वास हुंगलात तर तुम्हाला वाटेल बर्चच्या डांबराचा हिंदुस्थानी भाऊ आला: धूर, चामडं, थोडं औषध. शमामासारख्या मिश्र अत्तरात खाली दडवून ठेवतात, म्हणून गिऱ्हाइकाला नाव माहीत नसतं पण वास ओळखीचा वाटतो.

आणि चामड्याचं म्हणाल तर अत्तराच्या धंद्यात खरं चामडं होतंच. डेगेतून, म्हणजे अत्तर गाळायच्या भांड्यातून, निघालेल्या अत्तरात पाणी राहतं. ते काढायला कन्नौजवाले अत्तर चामड्याच्या कुप्पीत भरून उन्हात ठेवतात. पाणी कातड्यातून झिरपून उडतं, तेल आत राहतं. माझ्या वालिदांकडं एक जुनी कुप्पी आहे, रिकामी आहे तरी खोलीभर वास देते.

स्वस्तात म्हणाल तर चोया लोबानची अगदी छोटी शीशी घ्या. पण सरळ अंगाला लावायची नाही, कातडीला झोंबते. चंदनाच्या किंवा साध्या तेलात मिसळून, सुईच्या टोकावर येईल तेवढीच. त्यावर खस किंवा मिट्टी अत्तर ठेवा. तुमच्या बाटलीची नक्कल होणार नाही, पण त्या घराण्यातलं काहीतरी होईल. फक्त एक बघा, बाजारात चोया म्हणून रंगवलेलं तेलही विकतात. कापसाच्या बोळ्यावर लावून दुसऱ्या दिवशी हुंगा. खरा चोया बोलत राहतो, खोटा गप्प झालेला असतो.

खुल्ताबादच्या उरुसात, किंवा आमच्या बाजारात मोरपिसांचा पंखा घेऊन दुकानोदुकानी लोबान देत फिरणारे फकीर येतात, तेव्हा दाजी हे अत्तर लावून या. कुणी लांब उभं राहणार नाही.

उगीच_एक

एवढा अभ्यास मी दहावीला केला असता तर आज मीही कुणाचा तरी दाजी असतो.

सालई

शहागंजभाई, चोयाचं फार छान सांगितलंत. त्यावरून आठवलं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात आपलं पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिवजवळचं तेर, दोन्ही आहेत. इथला माल गाड्यांवरून भरुचला जायचा. आणि भरुचच्या बंदरात बाहेरून जे उतरायचं त्याच्या यादीत दारू, तांबं, पोवळं यांच्याबरोबर स्टोरॅक्स नावाचा सुगंधी डिंक आहे. आज चामड्याच्या परफ्यूमात घालतात तो स्टायरॅक्स तुर्कस्तानातल्या लिक्विडाम्बर झाडाचा. तेव्हाचं झाड वेगळं असू शकतं, पण वासाचं कुळ तेच. त्या मालातलं काही परतीच्या गाडीनं तेरपर्यंत आलं असेल, असं मला आपलं वाटतं.

दादांचा मे महिन्याचा प्रश्न राहिला. पारा 42च्या पुढं गेला की सगळंच भराभर उडतं. गोड परफ्यूम अशा वेळी चिकट होतात. धूर आणि ऊद चिकटत नाहीत, पण पहिला अर्धा तास फार जोरात येतो. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर, एकच फवारा, तोही शर्टाच्या आतून छातीवर. गळ्यावर नको, घाम, ऊन आणि नाकाची जवळीक हे तिन्ही तिथं आहेत. खरा मोसम म्हणजे मार्गशीर्ष-पौषातली आपल्याकडची कोरडी थंडी. आणि यात बहुतेक भाग अल्कोहोलचा असतो, तेव्हा समईजवळ किंवा हलगी शेकताना जाळापाशी उभं राहून फवारायचं नाही.

दुकानात हुंगून मत बनवू नका. कीटकनाशकातल्या गंधकाच्या वासानं नाक आधीच थकलेलं असतं.

मोंढ्यातला

ताईंनी सांगितलं तसं केलं. रविवारी दुकान बंद, नाक ताजं. शर्टाच्या आत एक फवारा मारून परळीच्या रस्त्यानं फिरायला गेलो. गार वारं होतं. डांबर आलं, पण ते आता पाहुण्यासारखं दारात थांबून आलं. चामडं कोरडं, मधूनमधून. घाटाच्या अलीकडं ऊसतोडीवाल्यांच्या गाड्या थांबल्या होत्या, चुली पेटल्या होत्या. तिथं कुठला धूर माझा आणि कुठला त्यांचा ते कळंना. तेव्हा लक्षात आलं की बाटलीतला धूर जास्त नीटनेटका आहे. खरा धूर डोळ्यात जातो, घशाला खवखवतो, ओला असतो. हा इस्त्री करून ठेवलेला.

याच्यावर माझं मत असं बनलंय की परफ्यूमाचा स्वभाव तिरसट आहे, पण खोटा नाही. गोडवाले सगळे भेटल्या भेटल्या गळ्यात पडतात. हे आधी तोंड वाकडं करून बसतं, आणि आपण उठून गेलो नाही तर मग बोलायला लागतं. शेवटी उरणारा तो डिंक सगळ्यात चांगला, आणि तो पहिल्या तासाला घाबरणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. कमतरता सांगायची तर मधला चामड्याचा भाग मला लवकर संपल्यासारखा वाटला. किंवा ताई म्हणतात तसं माझं नाक सरावलं असेल. बायकोला तो तेव्हाही येत होता.

कंपनीला ईमेल केला होता, उत्तर आलं: प्राण्यापासून काढलेलं काही नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झाडाचंच आहे तर लाव. पण एकादशीला नको, मला उपासाला असला वास सोसत नाही." एवढी सूट पुष्कळ झाली.

मोठी बाटली घेणार नाही. सोयाबीनच्या चार बॅगा त्या सोयाबीनच्याच. पुढच्या हिवाळ्याला आणखी 5 मिली मागवीन. हलगीदादा, फायबरची नसलेली हलगी अजून कुणी वाजवत असंल तर सांगा. पोराला एकदा शेकताना दाखवायचीय.

हलगी

नवरात्रात तुळजापूरला या. कातड्याची चार-दोन जण अजून वाजवतात, मीही त्यातलाच. कागद पोराकडून आणून घेऊ.

मोंढ्यातला

येतो. आणि शहागंजभाई, चोया घ्यायला मी शुक्रवारी संभाजीनगरला यायलोय, बियाण्याच्या कंपनीची मीटिंग आहे. दुपारी दुकान उघडं असतं का?

शहागंज

शुक्रवारी नमाजला बंद असतं. तीननंतर या. त्या दिवशी दुसरं काही लावून येऊ नका, आणि मीटिंगमधून सरळ येणार असाल तर आधी बाहेर दहा मिनिटं चहा प्या.